कारागीर घडविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर किर्लोस्करवाडी नावाचे एक स्थानक लागते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी त्याचे नाव कुंडल रोड असे होते. त्या काळी स्थानकाच्या आसपास मनुष्यवस्ती जवळजवळ नव्हतीच. दृष्टी पोहोचेल तेथवर खडकाळ माळ, त्यावर माजलेले निवडुंग आणि निवडुंगाच्या आडोशाने राहणारे नाग, एवढेच तेथील वैभव. पिण्याचे पाणीसुद्धा सहज मिळण्यासारखे नव्हते. अशा त्या उजाड माळावर पुढे लोखंड वितळविणाऱ्या भट्ट्या पेटल्या, यंत्रांची घरघर सुरू झाली आणि शेकडो कुटुंबे सुखाने नांदू लागली. हा पालट ज्यांच्या ध्यासामुळे घडून आला, त्या पुरुषाचे नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. त्यांनी नांगर घडविले, पंप घडविले. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, त्यांनी माणसे घडविली. ज्यांनी कधी यंत्राला हात लावला नव्हता, अशा खेडुतांच्या हातांत त्यांनी लोखंडाची विद्या दिली.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. ज्या घरात ग्रंथांचे पठण आणि धर्मचर्चा यांना मान, त्या घरातील मुलाने शिकून सवरून सरकारी नोकरी धरावी, अशीच सर्वांची अपेक्षा असे. लक्ष्मणचे मन मात्र पुस्तकांत रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रांशी खेळणे, हे त्याचे दोन छंद. शाळेतील परीक्षांत चमकण्याची त्याला हौस नव्हती. एखादे यंत्र कसे चालते, हे मात्र त्याला उकलून पाहिल्यावाचून चैन पडत नसे. त्या काळच्या प्रतिष्ठित घराण्यांत हाताने काम करणे कमीपणाचे मानले जाई. लोहाराचे काम लोहाराने करावे, सुताराचे सुताराने, आणि शिकलेल्याने लेखणी धरावी, अशी समाजाची वाटणी ठरलेली होती. या वाटणीच्या बाहेर पाऊल टाकू पाहणाऱ्या मुलाकडे वडील नाराजीने पाहत, यात नवल नाही. मात्र थोरले बंधू रामूअण्णा यांनी धाकट्या भावाची ओढ ओळखली आणि त्याच्या शिक्षणाचा भार उचलला.

रामूअण्णांच्या आधारावर लक्ष्मणराव १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. चित्रकार व्हावे, अशी त्यांची आकांक्षा होती. त्यांचा हात सफाईदार होता आणि रेषा नेमकी होती. परंतु दोन वर्षांतच एक कटू सत्य त्यांच्या ध्यानी आले. काही रंगांमधील भेद त्यांच्या डोळ्यांना कळत नव्हता. त्यांना अंशतः रंगांधत्व होते. चित्रकाराला याहून मोठा अडसर कोणता? एखादा तरुण अशा वेळी खचून गेला असता आणि निमूटपणे गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी वेगळा विचार केला. रंग आपल्याला फसवतात, पण रेषा फसवीत नाही. मग जेथे केवळ रेषेचे राज्य आहे, ती विद्या आपण का संपादन करू नये? त्यांनी रंग बाजूला ठेवले आणि यंत्रांची रेखाटने करण्याचे शिक्षण घेतले.

यंत्राचे रेखाटन म्हणजे साधे चित्र नव्हे. चित्र पाहून मनाला आनंद वाटला की त्याचे काम झाले. यंत्राच्या रेखाटनावरून प्रत्यक्ष वस्तू घडवायची असते. तीच वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसेल, तिची लांबी, जाडी, भोकांचे अंतर, सारे काही त्यात मापासह दाखवावे लागते. कागदावर एका रेषेची चूक झाली, तर कारखान्यात लोखंडाचा सबंध तुकडा वाया जातो. म्हणूनच आजही लोखंडी काम शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हत्यार हाती घेण्याबरोबरच रेखाटन वाचण्यास शिकावे लागते. लक्ष्मणराव या विद्येत इतके निष्णात झाले की, मुंबईत १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना हाच विषय शिकविण्यासाठी नेमण्यात आले. पुढे हीच संस्था वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

शिक्षकाची नोकरी मिळाली, तरी लक्ष्मणरावांमधला विद्यार्थी स्वस्थ बसला नाही. वर्गातील तास संपले की, ते संस्थेच्या कर्मशाळेत जात. तेथे भट्टी होती, ऐरण होती, लेथ होते. कागदावर रेखाटलेला भाग लोखंडात कसा उतरतो, हे ते स्वतःच्या हातांनी करून पाहत. लोखंडाला आकार देण्याच्या मुख्य वाटा तीन. पहिली वाट लोहाराची: लोखंड तापवून लाल करायचे आणि ऐरणीवर घणाने ठोकून घडवायचे. दुसरी ओताऱ्याची: लोखंडाचा रस करून तो साच्यात ओतायचा. तिसरी यंत्रावरील कारागिराची: थंड लोखंड कापून, तासून, भोके पाडून नेमक्या मापाला आणायचे. या तीन वाटांनी तयार झालेले भाग एकमेकांस जोडले की, यंत्र उभे राहते. या साऱ्या वाटा लक्ष्मणरावांनी पायाखाली घातल्या. शिकविणाऱ्याचे हातही काळे झाले पाहिजेत, ही त्यांची निष्ठा तेथेच पक्की झाली.

याच सुमारास मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी सायकल पाहिली. दोन चाकांवर तोल सांभाळीत जाणारे ते वाहन पाहून त्यांचे कुतूहल जागे झाले. त्यांनी रामूअण्णांच्या साहाय्याने १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान उघडले आणि त्याला किर्लोस्कर बंधू असे नाव दिले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात आणि रामूअण्णांनी त्या विकाव्यात, असा क्रम सुरू झाला. त्या काळी एका सायकलीला सातशे ते हजार रुपये पडत. एवढ्या किमतीचे वाहन श्रीमंतालाच परवडे. सायकल चालवण्यास शिकविण्याचे पंधरा रुपये वेगळे घेतले जात. पुढे ज्या उद्योगाचा वटवृक्ष झाला, त्याचे बीज या छोट्या दुकानात होते.

मुंबईच्या नोकरीत लक्ष्मणरावांनी अनेक वर्षे मन लावून काम केले. मात्र बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो इंडियन गृहस्थाला देण्यात आली. पात्रता असूनही केवळ परक्या राज्यात एतद्देशीय असल्यामुळे मागे राहावे लागले, हा सल त्यांच्या मानी मनाला सहन होण्यासारखा नव्हता. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास आले. हाती पैसा थोडाच होता. मात्र मुंबईतून त्यांनी एक ठेव बरोबर आणली होती. ती म्हणजे यंत्रविद्या आणि यापुढे कोणाची चाकरी करावयाची नाही, हा निश्चय.

बेळगावात त्यांचे लक्ष शेतकऱ्याकडे वळले. देशातील बहुसंख्य लोक शेतीवर जगतात आणि शेतकऱ्याची अवजारे मात्र कित्येक पिढ्यांत बदललेली नाहीत, हे त्यांना खुपू लागले. जनावरांसाठी कडबा हाताने तोडताना किती वेळ आणि किती वैरण फुकट जाते, हे पाहून त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. त्यानंतर त्यांनी नांगर हाती घेतला. लाकडी नांगर जमीन वरवर ओरखडतो. लोखंडी नांगर खोल जातो, माती उलथून टाकतो आणि तणांची मुळे उघडी पाडतो. १९०३ साली किर्लोस्करांचा लोखंडी नांगर तयार झाला.

नांगर तयार होणे एक आणि तो विकला जाणे दुसरे. लोखंड जमिनीत घातले तर जमिनीला विष चढते आणि तिचा कस जातो, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तिला हसणे सोपे आहे. पण ज्याचे सारे आयुष्य एका तुकड्यावर अवलंबून आहे, तो त्या तुकड्यावर प्रयोग करण्यास सहजासहजी धजत नाही, हेही खरे. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यांना दोष दिला नाही. ते धीराने थांबले. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. प्रत्यक्ष शेतात उमटलेले तास आणि त्यात डोललेले पीक पाहिल्यावर मग हळूहळू समजूत पालटली आणि मागणी वाढू लागली.

नांगराच्या निमित्ताने या उद्योगाला ओतकामाची विद्या चांगलीच कसून शिकावी लागली. ओतकाम दुरून पाहणाऱ्याला सोपे वाटते. प्रथम लाकडाचा नमुना करायचा. तो वाळू व माती यांच्या ओलसर मिश्रणात दाबून त्याचा ठसा घ्यायचा, नमुना अलगद काढून घ्यायचा आणि त्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. पण यातील प्रत्येक पायरीवर अपयश दबा धरून बसलेले असते. थंड होताना लोखंड आकसते, म्हणून नमुना मूळ वस्तूहून किंचित मोठा करावा लागतो. मातीत ओल जास्त झाली, तर वाफ कोंडून वस्तूच्या पोटात पोकळ्या राहतात. ओल कमी पडली, तर साचाच ढासळतो. रस पुरेसा तापलेला नसेल, तर तो साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच थिजतो. रस सावकाश निवला तर बीड मऊ राहते. झटकन निवला तर ते कठीण, पण ठिसूळ होते. नांगराचा फाळ मऊ असेल तर चार दिवसांत झिजेल, फार ठिसूळ असेल तर पहिल्याच दगडावर मोडेल. या दोन टोकांमधली नेमकी जागा साधणे, हीच ओताऱ्याची खरी परीक्षा. ही विद्या पुस्तकाने अर्धी कळते. उरलेली अर्धी हाताला आणि डोळ्याला शिकावी लागते.

कारखान्याचा जम बसू लागला, तोच नवे संकट उभे राहिले. बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करण्यास सांगितले. यंत्रे, भट्टी आणि कामगार घेऊन जावे कोठे? सारी उभारणी वाऱ्यावर जाण्याची वेळ आली. या प्रसंगी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. ते स्वतः चित्रकार आणि कलांचे चाहते होते. लक्ष्मणरावांच्या कर्तृत्वाची त्यांना पारख होती. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळ सुमारे ३२ एकर जमीन देऊ केली आणि कर्जाऊ रकमेचीही सोय केली. जमीन होती ती प्रारंभी वर्णिलेली निवडुंगाची. पण लोहमार्ग जवळ होता आणि लक्ष्मणरावांच्या मनात कारखान्याबरोबर एक आदर्श वसाहत उभारण्याचे स्वप्न होते. १९१० साली पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे यांच्यासह ते त्या माळावर उतरले. निवडुंग तोडले, नाग मारले, झोपड्या उभारल्या आणि कामाला आरंभ झाला. हीच किर्लोस्करवाडी.

आता प्रश्न होता कारागिरांचा. मुंबईचा तयार कारागीर या माळावर कशासाठी येईल? जवळच्या खेड्यांतून जी माणसे कामास आली, त्यांना नांगर धरणे ठाऊक होते, नांगर घडविणे ठाऊक नव्हते. कित्येकांना अक्षरओळखही नव्हती. लक्ष्मणरावांनी याच माणसांना शिकविण्याचे ठरविले. त्यांची शाळा म्हणजे कारखाना, फळा म्हणजे ऐरण आणि परीक्षा म्हणजे हाती आलेली वस्तू. कानस सरळ कशी चालवावी, माप कसे घ्यावे, साचा कसा बसवावा, लेथवर हत्यार कोणत्या कोनात धरावे, हे नव्या माणसाने कामातूनच शिकावे आणि शिकलेल्याने पुढच्याला शिकवावे, असा तेथील शिरस्ता पडला.

माणसाची पारख करण्याची लक्ष्मणरावांची रीत निराळी होती. कोण किती परीक्षा उत्तीर्ण झाला, यापेक्षा कोणाच्या बोटांत आणि बुद्धीत काय दडले आहे, हे ते पाहत. अनंतराव फळणीकर हे शाळा अर्धवट सोडलेले गृहस्थ, पण ते येथे कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपाला आले. शंभोअप्पा जांभेकर यांची यंत्रांवर विलक्षण हुकमत होती. के. के. कुलकर्णी आणि मंगेशराव रेगे यांनी व्यवहार व हिशेब यांची धुरा वाहिली. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि व्यवस्था अंगावर घेतली. इतकेच नव्हे, तर एकेकाळी दरोडेखोरीबद्दल शिक्षा भोगलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी वाडीच्या पहाऱ्याचे काम सोपविले. ज्यांना सारा मुलूख भीत होता, त्यांच्या हाती त्यांनी आपली मालमत्ता विश्वासाने दिली आणि त्या माणसांनीही तो विश्वास खरा करून दाखविला. वाडीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. ज्या काळी सार्वजनिक पाणवठ्यावरही भेद पाळला जाई, त्या काळी हे पाऊल साधे नव्हते.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशातून येणारे लोखंड मिळेनासे झाले. भट्टी थंड पडली, तर शेकडो हात रिकामे होणार होते. जेथे मिळेल तेथून मोडीचे लोखंड गोळा करणे एवढाच मार्ग उरला. कोल्हापूरचे शाहू महाराज या वेळी साहाय्यास आले आणि त्यांनी संस्थानातील जुन्या तोफा कारखान्यास दिल्या. ज्या लोखंडाने एके काळी रणांगण गाजविले, ते वितळून त्याचे नांगर झाले. लोखंड तेच, घडविणारा हात जसा असेल, तसे ते मारते अथवा तारते.

पुढील काळात किर्लोस्करवाडीतून उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे अशी अनेक अवजारे बाहेर पडू लागली. १९२६ साली पाण्याचे पंप तयार होऊ लागले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव परदेशी यंत्रशास्त्र शिकून आले आणि उद्योगाच्या शाखा दूरवर पसरल्या. १९४१ साली हरिहर येथे लेथ बनविणारा कारखाना निघाला. यंत्रे घडविणारी यंत्रे आपल्या देशात होऊ लागणे, ही मोठीच मजल होती. १९४६ साली पुण्यास तेलावर चालणारी इंजिने आणि बंगळूर येथे विजेच्या मोटारी बनविण्याचे कारखाने उभे राहिले.

परंतु अखेरची कसोटी अजून बाकी होती. महात्मा गांधींच्या हत्येनंतर १९४८ साली उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. अडतीस वर्षांचे श्रम डोळ्यांदेखत जळताना पाहणे, याहून दारुण दुःख कोणते? पण कारखाना जळला, तरी कारागिरांच्या हातांतील विद्या जळत नाही. भिंती पडल्या, यंत्रे वाकली. ती पुन्हा उभी करण्याची कला जाणणारी माणसे मात्र होती. त्यांच्या बळावर किर्लोस्करवाडी पुन्हा उभी राहिली. लक्ष्मणरावांनी आयुष्यभर जी गुंतवणूक केली होती, ती लोखंडात नसून माणसांत होती, हे त्या दिवसांत सर्वांना कळून आले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांची जीवनयात्रा संपली. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने टपाल तिकीट काढून त्यांचे स्मरण केले.

आज महाराष्ट्रात गावोगावी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तेथे कोणी जोडारी होतो, कोणी कातारी होतो, कोणी वेल्डिंग शिकून संधाता होतो. लक्ष्मणरावांच्या तरुणपणी लोखंडाचे तुकडे जोडण्यासाठी ते भट्टीत पांढरेशुभ्र होईतो तापवून घणाखाली एकजीव करावे लागत, अथवा रिव्हेट ठोकावे लागत. आता विजेच्या ज्योतीने तेच काम क्षणात होते. साधने पालटली, शिकण्याची रीत मात्र तीच राहिली आहे. प्रथम रेखाटन वाचायचे, मग माप घ्यायचे, मग हात बसेपर्यंत तेच काम पुन्हा पुन्हा करायचे. डोळ्यांवर काळी काच धरून दोन पत्रे जोडणाऱ्या मुलाचा पहिला सांधा वाकडा येतो, दुसऱ्यात भोके राहतात, आणि बऱ्याच दिवसांनी एक सांधा असा येतो की, तो घणाच्या घावानेही सुटत नाही. त्या दिवशी त्या मुलाला जे समाधान लाभते, ते कोणत्याही पदवीहून उणे नाही. हाताने काम करणाऱ्याला समाजाने मान द्यावा, हे शब्दांनी सांगणारे पुष्कळ असतात. सुशिक्षित घरात जन्मूनही स्वतःचे हात काळे करून लक्ष्मणरावांनी ते कृतीने सांगितले आणि एका ओसाड माळाने त्यांची साक्ष दिली.

स्वाध्याय

१. लक्ष्मणरावांनी चित्रकला का सोडली? त्याऐवजी त्यांनी कोणती विद्या निवडली आणि का?
२. लोखंडाला आकार देण्याच्या तीन वाटा कोणत्या? प्रत्येकीचे एक उदाहरण द्या.
३. लोखंडी नांगर विकत घेण्यास शेतकरी प्रथम का कचरत होते? त्यांची समजूत कशाने पालटली?
४. किर्लोस्करवाडीला कारागीर कसे मिळाले?
५. लक्ष्मणरावांची गुंतवणूक लोखंडात नसून माणसांत होती, असे लेखक कोणत्या प्रसंगावरून म्हणतात?
६. तुमच्या गावातील लोहार, सुतार अथवा वेल्डिंगचे काम करणारा कारागीर यांच्याकडे जा. त्यांनी आपले काम कसे शिकले, ते विचारून दहा ओळी लिहा.